उन्हाळा आला की गाभण गाय एलिसात ‘खाली’ का दिसते?

तक्रार अशी आहे. गाय भरवून दोन-अडीच महिने झालेत. डॉक्टरांनी हात घालून तपासलंय, गर्भ आहे, अंडाशयावरचा पीतपिंड बोटाला लागतोय. आणि आपल्या एलिसाच्या (रक्तातलं हार्मोन रंगावरून मोजायच्या चाचणीच्या) प्लेटवर तिचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे त्याच पीतपिंडातून येणारं गर्भ टिकवणारं हार्मोन, येतं मिलिलिटरला ०.७ नॅनोग्रॅम. म्हणजे कागदावर गाय खाली, गाभण नाही. डुप्लिकेट वेल (एकाच सँपलचे प्लेटवरचे दोन खळगे) एकमेकांशी जुळतात, स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेली रेघ) देखणा येतो, किटमधले कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) दिलेल्या रेंजमध्ये बसतात. तरी आकडा चूक. पहिला पाऊस पडला की ही तक्रार आपोआप मिटते आणि पुढच्या वर्षी मार्चअखेर पुन्हा डोकं वर काढते.

आमच्या लॅबमध्ये हे ओळीने तीन उन्हाळे चाललं. देवणी आणि लाल कंधारी गायींच्या प्रजननावरचं काम होतं. सँपल उदगीर-देवणीकडून आणि कंधार-लोह्याकडून यायचे. मराठवाड्यातल्या ज्या कुणाला गायीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजायचंय, त्याला ही अडचण कधी ना कधी येणार, म्हणून सविस्तर लिहितोय. घाईत असाल तर एवढंच करा: रक्त काढल्याची वेळ आणि सेंट्रिफ्यूज केल्याची (नळी गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्याची) वेळ यांच्यातलं अंतर बघा. बाकीचं सवडीनं वाचा.

आधी हे कळू द्या की चुकीचा कमी आकडा चुकीच्या जास्त आकड्यापेक्षा वाईट का. गाय माजावर असताना प्रोजेस्टेरॉन सहसा ०.५ नॅनोग्रॅमच्या खाली असतं. माजानंतर पाच-सहा दिवसांत ते १ च्या वर चढतं, चक्राच्या मध्याला चार-सहा-आठपर्यंत जातं, आणि गर्भ राहिला नसेल तर सतराव्या-अठराव्या दिवसापासून कोसळतं. भरवल्यानंतर एकविसाव्या ते चोविसाव्या दिवशी रक्त तपासलं आणि आकडा मोठा आला, तर गाय ‘बहुतेक गाभण’. बहुतेक म्हणायचं, कारण चक्र लांबलेलं असू शकतं, पीतपिंड नुसताच टिकून राहिलेला असू शकतो. पण आकडा तळाला असेल तर गाय गाभण नाही, हे जवळजवळ ठाम सांगता येतं. या चाचणीचा सगळा भरवसा तिच्या ‘नाही’वर आहे. तो ‘नाही’च खोटा निघाला तर हातात काय राहिलं? आणि त्या भरवशावर कुणी गायीला पुन्हा माजावर आणायला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं, तर चांगला टिकलेला गर्भ पडतो.

आमच्यावर ती वेळ थोडक्यात टळली. कंधारकडच्या एका मामांना फोनवर रिपोर्ट सांगितला. पलीकडून दोन क्षण काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “काय सांगायलाव साहेब, पोटात वासरू हाय. डॉक्टरनं काल हात घालून बघितलं. तुमच्या मशीनलाच एकदा हात घालून बघा.” गाय जानेवारीत व्याली. मशीनला हात घालायला आम्हाला त्यानंतर आणखी एक उन्हाळा लागला.

किटवर राग काढू नका, निदान आधी नको

पहिल्या वर्षी आम्ही किट बदललं. दुसऱ्या वर्षी पुरवठादाराशी भांडलो, किट प्रवासात तापलं असणार म्हणून. तिसऱ्या वर्षी अँटिबॉडीवरच शंका घेतली: ही माणसाच्या सीरमसाठी (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यासाठी) बनवलेली, गायीचं प्रोजेस्टेरॉन तिला दिसत नसेल. ही शेवटची शंका ऐकायला शहाणपणाची वाटते, पण मुळातच पोकळ आहे. प्रोजेस्टेरॉन हा स्टेरॉइड आहे, ३१४ डाल्टनचा छोटा रेणू. बाईच्या, गायीच्या, शेळीच्या रक्तात तो एकच असतो. एलएचसारख्या (अंडं सुटायला लावणाऱ्या) प्रथिन हार्मोनची गोष्ट वेगळी. तिथे माणसाचं किट गायीच्या सँपलवर आंधळं ठरू शकतं, त्यामुळे प्राण्यानुसारच किट घ्यावं लागतं. प्रोजेस्टेरॉनला ती अडचण नाही.

या रेणूच्या लहानपणाचा एक परिणाम मात्र डोक्यात पक्का हवा. इतक्या छोट्या रेणूविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयारच करत नाही. म्हणून तो अल्ब्युमिनसारख्या मोठ्या प्रथिनाला जोडून प्राण्याला टोचतात. आणि दोन अँटिबॉडींनी त्याला दोन्हीकडून धरणं, म्हणजे सँडविच, जमत नाही. तेवढी जागाच नाही त्याच्या अंगावर. त्यामुळे पद्धत स्पर्धेची. वेलच्या तळाशी मोजकीच अँटिबॉडी, आणि तिच्यावर बसायला दोघांची रेटारेटी: सँपलमधलं प्रोजेस्टेरॉन आणि रंग आणणारं एन्झाइम लावलेलं आपलं प्रोजेस्टेरॉन. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. सँपलवाले जास्त आले की एन्झाइमवाल्यांना जागा कमी, रंग फिका. सँपलवाले कमी, तर रंग गडद. रंग आणि हार्मोन यांचं नातं उलटं.

कल्पना जुनी आहे. यॅलो आणि बर्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी इन्सुलिनसाठी ही स्पर्धा किरणोत्सारी आयोडीन लावून मांडली, १९५९-६० च्या सुमारास, आणि यॅलो यांना त्याबद्दल १९७७ मध्ये नोबेल मिळालं. एन्झाइमचा एलिसा आला १९७१ मध्ये. आपल्या प्लेटवर आजही तीच रेटारेटी चालू आहे.

उलटं नातं मी मुद्दाम घोळवून सांगतोय, कारण दोष शोधताना डोकं तिथेच फिरतं. वॉश (न चिकटलेलं धुऊन टाकणं) नीट झाला नाही, एन्झाइम मागे राहिलं, तर रंग वाढतो आणि प्रोजेस्टेरॉन खोटं *कमी* दिसतं. एन्झाइम मेलं, तर रंग फिका पडतो आणि प्रोजेस्टेरॉन खोटं *जास्त* दिसतं. हे कागदावर लिहून प्लेट रीडरच्या वर चिकटवा. आमच्याकडे चिकटवलेलं आहे आणि मी अजूनही वर बघतो.

दोष प्लेटच्या अलीकडे की पलीकडे

पहिला प्रश्न हाच. त्याचं उत्तर कंट्रोल देतात. कंट्रोलही हलले असतील तर दोष प्लेटवर आहे: पिपेट, वेळ, तापमान, वॉश, सबस्ट्रेट (एन्झाइमनं रंग धरणारं द्रावण). कंट्रोल जागच्या जागी आणि फक्त सँपल खाली आले असतील, तर प्लेटनं तिचं काम चोख केलंय. नळीत होतं तेवढंच तिनं मोजलं. नळीत ते कमी का झालं, हा प्रश्न राहतो.

तीन वर्षं आम्ही चकलो ते इथेच. कंट्रोल बरोबर आहेत म्हणून आम्ही ‘सगळं बरोबर आहे’ असं धरलं. किटचा कंट्रोल म्हणजे कारखान्यात सीलबंद झालेलं सीरम. तो फ्रीजमधून निघतो आणि थेट वेलमध्ये जातो. त्याला ना कंधारचा रस्ता माहीत, ना मे महिन्यातली दुचाकीची डिकी. तो प्लेटची हमी देतो, प्रवासाची नाही.

गायीच्या तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉन खातात

खातात हा शब्द बरोबर नाही, पण आमच्या लॅबमध्ये तोच रूढ झाला. गायीचं रक्त पेशींसकट तसंच ठेवलं, तर त्यातलं मोजता येणारं प्रोजेस्टेरॉन तासातासाला घटत जातं. तांबड्या पेशी त्याचं दुसऱ्या स्टेरॉइडमध्ये रूपांतर करतात, आणि तो बदललेला रेणू आपल्या अँटिबॉडीला ओळखू येत नाही किंवा फार थोडा ओळखू येतो. अँटिबॉडी जितकी नेमकी, तितका तो तिला परका. म्हणजे चांगल्या किटवर ही घट लपत नाही, उलट उठून दिसते. घटीचा वेग दोन गोष्टींवर, वेळ आणि तापमान. बर्फात ती जवळजवळ थांबते. पंचवीस अंशांना संथ चालते. चाळीस अंशांना पळते.

हे शास्त्राला कित्येक दशकांपासून माहीत आहे. पण माणसाच्या रक्तासाठी लिहिलेल्या किटच्या माहितीपत्रकात ते सापडणार नाही. तिथे लिहिलेलं असतं की रक्त गोठू द्या, सीरम वेगळं करा. किती वेळात, यावर फारसा जोर नसतो. आम्ही ते वाचून निर्धास्त होतो.

आमची साखळी कशी होती बघा. सकाळी सातला पहिल्या गोठ्यात रक्त. साध्या नळ्या, कारण सीरम हवं. नळ्या स्टँडमध्ये, स्टँड पिशवीत, पिशवी दुचाकीला. एका फेरीत पाच-सहा गोठे, प्रत्येक ठिकाणी चहा, चहाला नाही म्हणता येत नाही. साडेअकराला परत निघायचं, दीड-दोनला लॅब. सेंट्रिफ्यूज सुरू करावं तर वीज गेलेली. डिसेंबरात या सात-आठ तासांनी आकडा थोडा घसरायचा, पण गाभण गाय गाभण दिसायची. मे महिन्यात तेवढेच तास तिला खाली करून टाकायचे. किट तेच, हात तेच, गायी त्याच. बदलला तो फक्त ऋतू.

खात्री करायला फार खर्च लागत नाही. हा प्रयोग एकदा तुमच्याकडे करून बघाच. माजानंतर बारा-तेरा दिवस झालेली किंवा पक्की गाभण गाय घ्या. एका झटक्यात तीसेक मिलिलिटर रक्त घ्या, हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) आठ नळ्यांत वाटून टाका. चार बर्फात, चार टेबलावर सावलीत. दोन्हीकडची एकेक नळी लगेच, मग दोन, चार आणि सहा तासांनी फिरवा, प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातलं पेशींवरचं पाणी) काढून गोठवा आणि सगळे आठ एकाच प्लेटवर चालवा. आम्ही केलं त्या दिवशी खोलीत ३९ अंश होते. बर्फातल्या चारही नळ्या ५.८ ते ५.५ च्या दरम्यान राहिल्या. टेबलावरच्या उतरत गेल्या: ५.८, ४.१, २.९, १.९. एकाच गायीचं, एकाच सुईतलं रक्त. ते चार आकडे स्क्रीनवर ओळीनं उतरताना बघून आमचे अटेंडंट दादा एवढंच म्हणाले, “म्हंजे रक्तच गरम झालतं.” तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराचा सारांश.

मग काय बदललं

सीरमचा हट्ट सोडला. सीरमला रक्त गोठायची वाट बघावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळात नुकसान होतं. हेपरिन किंवा ईडीटीएच्या नळीतलं रक्त घेतल्या क्षणी बर्फात जाऊ शकतं आणि पोहोचल्या क्षणी फिरवता येतं. किटला प्लाझ्मा चालतो का, आणि कोणत्या अँटिकोअॅग्युलंटचा (गोठणं थांबवणाऱ्या द्रव्याचा), हे माहितीपत्रकात बघून घ्या. एकदा जे ठरवाल ते शेवटपर्यंत तेच ठेवा. अर्धे सँपल सीरम आणि अर्धे प्लाझ्मा अशी खिचडी करून तुलना करायला जाऊ नका.

बर्फाचं म्हणाल तर आमच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात बर्फाला तोटा नाही. दर दोन मैलांवर रसवंती आहे आणि प्रत्येक रसवंतीत पोत्यात गुंडाळलेली लादी आहे. पहिले काही आठवडे तिथूनच तुकडा घ्यायचो. दोन गोष्टी मात्र अंगाशी आल्या. एक म्हणजे बर्फात मीठ टाकायचं नाही. आमच्यातल्या एका उत्साही पोरानं कुल्फीवाल्याचं बघून टाकलं होतं. मिठानं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, रक्ताचा बर्फ होतो, पेशी फुटतात आणि लॅबमध्ये लालभडक सरबत येतं. दुसरं, नळ्या नुसत्या बर्फाच्या ढेकळांवर ठेवल्या तर अर्धी बाजू गार, अर्धी गरम. बर्फात थोडं पाणी घाला, नळ्या गळ्यापर्यंत बुडाल्या पाहिजेत. पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यात लाळ-खुरकूतची लस नेण्याचा डबा असतो तसा एक मिळवला, त्यानं बरीच दगदग वाचली.

गोठ्यातच प्लाझ्मा काढता आला तर सोन्याहून पिवळं. पण एक भाबडी कल्पना आधीच मोडून काढतो: नळी उभी ठेवली की पेशी आपोआप खाली बसतील. घोड्याच्या बसतात. गायीच्या नाही, गायीच्या तांबड्या पेशी इतक्या संथ बसतात की तुमचा दिवस जाईल. हाताने फिरवायचं किंवा गाडीच्या बॅटरीवर चालणारं छोटं सेंट्रिफ्यूज लागतंच. आमच्या फेरीत आता मध्यावर एका दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर थांबतो. तिथे इन्व्हर्टर आहे. दहा मिनिटं फिरवलं, प्लाझ्मा काढला, नळी पुन्हा बर्फात. एकदा पेशींपासून वेगळा झाला की प्लाझ्मा बऱ्यापैकी सोशिक असतो, आणि उणे वीसला गोठवला तर महिनोन् महिने टिकतो.

पिवळ्या झाकणाच्या जेलच्या नळ्यांबद्दल. त्या सोयीच्या वाटतात, मध्ये जेलचा थर बसतो, सीरम वर. पण प्रोजेस्टेरॉनला स्निग्ध पदार्थांत विरघळण्याची ओढ आहे. सीरम जेलवर तसंच रात्रभर राहिलं तर आकडा उतरतो. या कामाला त्या वापरू नका, आणि नाइलाजच असेल तर सीरम लगेच दुसऱ्या नळीत काढा.

फार लांबच्या गावांसाठी दूध हा पर्याय आहे आणि माझ्या मते तो आपल्याकडे हवा तितका वापरला जात नाही. दुधात तांबड्या पेशींचा उपद्रव नाही. पोटॅशियम डायक्रोमेटची गोळी टाकली की ते नासत नाही. प्रोजेस्टेरॉन फॅटबरोबर जातं, म्हणून सबंध दुधातलं प्रमाण रक्तापेक्षा जास्त असतं. पण त्याच कारणानं धारेच्या सुरुवातीचं दूध आणि शेवटचं दूध यांत फरक पडतो. शेवटच्या दुधात फॅट जास्त, आकडाही जास्त. सगळ्या गायींचं एकाच टप्प्यावरचं दूध घ्या. दुधाची कट-ऑफ रेघ रक्ताची नसते, ती वेगळी ठरवावी लागते. डायक्रोमेट विषारी आहे, त्या बाटलीतलं दूध चुकूनही परत चरवीत जाता कामा नये. मालकाला हे तोंडानं सांगा, नुसतं लेबल लावून भागत नाही.

प्रवासी कंट्रोल

आमच्या सगळ्या धडपडीतून पुढे टिकली ती एकच युक्ती. लॅबजवळच्या गोठ्यात एक गाभण गाय धरून ठेवली आहे. फेरी निघण्याआधी तिचं रक्त दोन नळ्यांत घेतो. एक तिथल्या तिथे फिरवून प्लाझ्मा गोठवतो. दुसरी नळी डब्यात बसून अख्खी फेरी करते, सगळ्या गोठ्यांचा चहा होईपर्यंत थांबते आणि संध्याकाळी इतर नळ्यांसोबत फिरते. दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी. आकडे जुळले तर त्या दिवसाची खेप वापरायची. प्रवासातली नळी दहा-पंधरा टक्क्यांहून खाली गेली तर ती खेप बाद. मग किती का राब राबलेले असोत.

हे पहिल्यांदा कठोर वाटतं. एकदा कंधारची बावीस सँपलची खेप बाद केली तेव्हा ज्या पोरानं ती आणली होती तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, एवढंच झालं होतं.

घरचे कंट्रोलही करून ठेवा. माजावरच्या गायींचा एक पूल (अनेकींचा प्लाझ्मा एकत्र केलेला), पक्क्या गाभण गायींचा एक पूल, छोट्या-छोट्या नळ्यांत उणे वीसला. प्रत्येक प्लेटवर दोन्ही. किटचा लॉट बदलला की घसरण तिथे पहिल्यांदा दिसते.

आता प्लेटवरच्या उन्हाळ्याबद्दल

प्रवास सुधारल्यावरही थोडी कुरकुर उरली होती आणि तिथे मात्र कंट्रोलही हलत होते. किटमध्ये ‘खोलीच्या तापमानाला एक तास’ असं लिहिलेलं असतं. त्यांची खोली वीस ते पंचवीस अंशांची. आमची खोली एसी चालू असेल तर सत्तावीस, वीज गेली की अर्ध्या तासात चौतीस. टीएमबी सबस्ट्रेट गरमीत भराभर निळा होतो. पत्रकात पंधरा मिनिटं दिली आहेत म्हणून पंधरा मिनिटं थांबलात तर शून्य स्टँडर्डचा (प्रोजेस्टेरॉन नसलेल्या वेलचा) ओडी, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा आकडा, तीनच्या पुढे जातो, रीडर तिथे आडवा होतो, आणि कमी प्रोजेस्टेरॉनची सगळी सँपल एकाच ढिगात पडतात. माज आणि माजाचा चौथा दिवस यांतला फरकच पुसला जातो. इनक्युबेटर पंचवीसला लावून त्यात प्लेट ठेवणं हा सरळ उपाय; पण गरम खोलीत तो थंड करू शकणारा हवा, नुसता तापवणारा कामाचा नाही. सकाळी सहाला प्लेट लावणं हा आमचा उपाय.

कूलरची हवा थेट प्लेटवर येऊ देऊ नका. कडेचे वेल सुकतात, मधले सुकत नाहीत, आणि ए व एच या ओळींत राहिलेल्या गायी विनाकारण वेगळ्या दिसतात. चिकटपट्टीचं झाकण लावा.

वॉशचं पाणी. बोअरचं पाणी जड आहे, आणि डिस्टिल्ड वॉटर संपलं की कुणीतरी ‘आज चालून जाईल’ म्हणतं. चालत नाही. वॉशरच्या सुयांत पांढरा क्षार धरतो, एखादा वेल अर्धवट धुतला जातो आणि तिथे रंग उरतो. ओळखायची खूण म्हणजे डुप्लिकेटमधला एकच वेल गडद, आणि दर वेळी त्याच कॉलममध्ये. सुया बारीक तारेनं साफ करा, आणि धुऊन झाल्यावर प्लेट उलटी करून टिपकागदावर बिनधास्त आपटा.

सगळ्यांत फसवा दोष हळू हाताचा आहे. एकेरी पिपेटनं छप्पन्न वेलमध्ये सँपल आणि मग त्याच क्रमानं एन्झाइम कॉन्जुगेट (एन्झाइम लावलेलं प्रोजेस्टेरॉन) घालायला पंधरा मिनिटं लागली, आणि वॉश मात्र सगळ्यांचा एकदम झाला. शेवटच्या कॉलमला एन्झाइमबरोबर पंधरा मिनिटं कमी मिळाली. रंग फिका, प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त. शेवटच्या कॉलममधल्या गायी सगळ्या गाभण! तपासायला सोपं: एकच सँपल पहिल्या आणि शेवटच्या कॉलममध्ये घाला. फरक आला तर कॉन्जुगेट मल्टीचॅनल पिपेटनं घाला, नसेल तर प्लेट अर्धी करून चालवा.

बाकी फुटकळ. सँपल टिकावं म्हणून कुणी सोडियम अझाइड घालायला सांगेल. एन्झाइम हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज असेल तर अझाइड त्याला मारतं, घालू नका. गायीच्या योनीत प्रोजेस्टेरॉनचं साधन बसवलेलं असेल तर त्यातलं प्रोजेस्टेरॉन आणि तिचं स्वतःचं यांत अँटिबॉडी फरक करत नाही, तेव्हा नोंद वाचल्याशिवाय पीतपिंडावर बोलू नका. आणि एकक बघा: मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला ३.१८ नॅनोमोल. एकदा आम्हाला परगावच्या लॅबचा ३ चा आकडा आला, आम्ही खूश झालो, आणि ते नॅनोमोल निघाले.

तरीही जुळत नसेल तर

मग गायीचं सीरम आणि माणसाच्या सीरममधले स्टँडर्ड यांचं जमतंय का ते बघावं लागेल. जास्त आकड्याचं एखादं सँपल किटच्या शून्य स्टँडर्डनं निम्मं, चौथाई, आठवा हिस्सा असं पातळ करत जा आणि पातळ केलेल्या पटीनं पुन्हा गुणा. दर वेळी जवळपास तोच आकडा आला पाहिजे. आकडा एकाच दिशेला सरकत गेला तर मॅट्रिक्सची, म्हणजे सीरममधल्या बाकी पदार्थांची, अडचण आहे. दुसरं, खच्ची केलेल्या बैलाचं सीरम घ्या. त्यात प्रोजेस्टेरॉन नावालाच असतं, हवं तर कोळशानं तेही काढून टाका. मग माहीत असलेलं प्रोजेस्टेरॉन त्यात घालून मोजा. घातलेल्याच्या ऐंशी ते एकशेवीस टक्क्यांत परत आलं तर किट तुमच्या गायींना चालतं असं म्हणायला हरकत नाही. आमचं आलं. म्हणजे ज्या अँटिबॉडीला आम्ही तीन वर्षं शिव्या घातल्या ती पहिल्यापासून ठीक होती. पुरवठादाराला तसं पत्र लिहायचं राहून गेलंय.

आता प्रत्येक नळीवर दोन वेळा लिहितो: रक्त काढल्याची आणि फिरवल्याची. मार्च ते जून या दोन्हींत दोन तासांपेक्षा जास्त अंतर असेल आणि नळी बर्फात नसेल, तर ती प्लेटवर जात नाही. वेळाच लिहिलेल्या नसतील तरी जात नाही. गेल्या आठवड्यात अशा अकरा नळ्या बाजूला काढल्या. त्यातल्या चारांवर अक्षर माझं होतं.